भुसा, खळ आणि शिकंजा: लाकडाच्या भुशाचे बोर्ड घरच्या घरी कसे करायचे

भुशाचे बोर्ड करायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, चिकटवायला काय घालायचं? मैद्याची खळ, चिंचोका, सोया, डिंक, प्रत्येकाचं काहीतरी आवडतं असतं आणि त्यावर लोक तासभर भांडू शकतात. पण चिकटवणं हा यातला सोपा भाग आहे हो. बाजारात मिळणारा कुठलाही स्टार्च नीट शिजवला तर भुसा चिकटतोच. अवघड आहे ते पाणी. खळ म्हणजे बहुतेक सगळं पाणीच, ते भुशात घालायला पाच मिनिटं लागतात आणि परत बाहेर काढायला आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात बोर्ड वाकतो, फुगतो नाहीतर त्याला बुरशी लागते. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात खळीपेक्षा पाण्याबद्दल जास्त आहे, कंटाळा करू नका.

आधी अपेक्षा ठरवून घ्या. घरी हाताने दाबलेला, खळीचा बोर्ड हा आतल्या कोरड्या जागेचा माल आहे. पिनअप बोर्ड, खोलीतला आवाज थोडा कमी करायला भिंतीवर लावायच्या टाइल्स, फॉल्स सीलिंगच्या हलक्या पाट्या, दोन खोल्यांमधल्या लाकडी पार्टिशनच्या पोकळीत भरायचं पॅनल, एवढं मस्त होतं. कपाटाचे कप्पे, किचनचा ओटा, बाथरूमजवळची भिंत, गॅलरी, बाहेरची बाजू, यातलं काहीही नको. स्टार्च पाण्यात परत विरघळतो, त्यावर कितीही पॉलिश मारा, कधीतरी पाणी आत शिरणारच.

मग रेडीमेड पार्टिकल बोर्ड का नको? कारण त्यात बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, त्यातून फॉर्मल्डिहाइड हळूहळू हवेत येत राहतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. बंद एसी खोलीत नवीन फर्निचरचा जो डोळे चुरचुरणारा वास येतो त्यात हे असतं. आणि फेविकॉल का नको असं विचारणारेही असतात, तर चालेल की, चांगला चिकटेल, फक्त ते पेट्रोलियमपासून बनलेलं सिंथेटिक आहे, म्हणजे मग वनस्पतीजन्य म्हणायचं नाही एवढंच.

भुसा कुठला घ्यायचा

सॉमिलमधे किंवा वखारीत दोन-तीन प्रकारचा कचरा निघतो. मोठ्या करवतीखालचा जाड भुसा, रंधा मारताना निघणारे कुरळे छिलके, आणि पॉलिश पेपरची पीठासारखी पूड. पूड अजिबात घेऊ नका. कण जितका बारीक तितका एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणजे खळ जास्त लागते, खळ जास्त म्हणजे पाणी जास्त, आणि बोर्ड तरीही ठिसूळ होतो कारण त्यात धागाच नसतो. दोन भाग जाड भुसा आणि एक भाग छिलके असं मिश्रण चांगलं जमतं, छिलके हाताने चुरून बोटाच्या पेराएवढे करा, ते एकमेकांत अडकतात आणि वाकवल्यावर बोर्ड पटकन मोडत नाही. रेती चाळायच्या बारीक जाळीतून भुसा चाळून खाली पडेल ती पूड बाजूला ठेवायची.

प्लायवूड, एमडीएफ, लॅमिनेट कापणाऱ्या दुकानातला भुसा घेऊ नका, ज्या गोंदापासून पळतोय तोच त्यात आहे. हिरवट झाक असलेलं, औषध मारलेलं लाकूडही नको. आणि ताजं ओलं लाकूड कापल्याचा भुसा आणला तर तो लगेच पसरून वाळवा, पोत्यात तसाच ठेवला तर दोन दिवसांत आतून गरम होतो आणि आंबूस वास मारायला लागतो.

अजून एक, भुसा चाळताना मास्क हवाच, साधा रुमाल नाही, एन-९५. लाकडाची धूळसुद्धा त्याच कॅन्सरवाल्या यादीत पहिल्या गटात आहे हे बऱ्याच सुतारांना कोणी सांगितलेलंच नसतं. शिसव आणि साग काही लोकांच्या कातडीला त्रास देतात, खाज आली तर आंबा, निलगिरी, पाइन असं काहीतरी घ्या. पाइन तर पॅकिंगच्या खोक्यांचं भरपूर मिळतं.

सॉमिल जवळ नसेल तर पऱ्हाटी चालते. कापसाच्या काड्यांपासून पार्टिकल बोर्ड करायचं तंत्र मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने विकसित केलेलं आहे. काड्या ठेचून, साल काढून घ्यायच्या, बाकी कृती तीच. उसाचं चिपाड वापरायचं असेल तर आधी दोन-तीन पाण्यातून धुवा, त्यात उरलेली साखर म्हणजे बुरशीला जेवणाचं आमंत्रण.

खळ

एका पाटीचं माप धरून चालू, ३० बाय ३० सेंटीमीटर आणि जाडी दीड सेंटीमीटर. त्याला लागेल:

वाळलेला भुसा आणि छिलके मिळून ५०० ग्रॅम
मैदा १०० ग्रॅम
पाणी एकूण ७०० मिली
टाकणखार (बोरॅक्स) १५ ग्रॅम, बोरिक ॲसिड १० ग्रॅम

मैद्याऐवजी मक्याचा स्टार्च घेतला तरी चालतो, साबुदाण्याचं पीठही चालतं, साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचा स्टार्चच आहे, फक्त उपासाच्या भावात बोर्ड करणं परवडत असेल तर. रोजच्या वापरातल्या पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थरसुद्धा स्टार्चच्याच गोंदाने चिकटवलेले असतात, त्यातही टाकणखार असतो, तेव्हा हे काही जुगाड वगैरे नाही.

७०० मधलं १५० मिली पाणी बाजूला काढून गरम करा, त्यात टाकणखार आणि बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवा आणि ते भुशावर फवारा मारून किंवा शिंपडून नीट कालवा, तासभर झाकून ठेवा. याने दोन कामं होतात. स्टार्च म्हणजे बुरशी, कसर, झुरळं आणि वाळवी सगळ्यांचं खाणं, या दोन्हींतल्या बोरॉनमुळे ते टिकाव धरत नाहीत, शिवाय आगही थोडी उशिरा पकडते (थोडी, फायरप्रूफ वगैरे म्हणून कोणाला विकू नका). आणि दुसरं म्हणजे भुसा आधीच ओलसर झाला की तो खळ आत शोषून घेत नाही, खळ कणांच्या बाहेर राहते, जिथे तिचं काम आहे. पूर्वी बुकबाईंडिंगवाले खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायचे ते कीड-बुरशीच्याच कारणासाठी, पण मोरचूद त्याहून विषारी आहे, ते नको. टाकणखार आणि बोरिक ॲसिडलाही हातमोजे घाला, भांडी वेगळी ठेवा, लहान मुलांपासून लांब, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये.

उरलेल्या ५५० मिलीपैकी १५० मिली थंड पाण्यात मैदा गुठळ्या न होता कालवा, बाकीचं ४०० मिली उकळा आणि ढवळत ढवळत त्यात ओता, मग मंद आचेवर हलवत राहा. साठ-सत्तर डिग्रीच्या आसपास ती एकदम घट्ट होते, तिथे बरेचजण गॅस बंद करतात, करू नका. अजून चार-पाच मिनिटं शिजवा, पांढरा रंग जाऊन अर्धपारदर्शक, चकचकीत झाली पाहिजे. कच्ची खळ वाळल्यावर पावडर होऊन झडते.

चिंचोका वापरणार असाल तर मला तो मैद्यापेक्षा आवडतो, चिवट होतो. सावंतवाडीच्या गंजिफाचे पत्ते करताना कापडाला चिंचोक्याचीच खळ लावतात, आणि यंत्रमागाच्या सायझिंगलाही (सुताला खळ द्यायला) चिंचोका पावडर वापरली जाते, त्यामुळे इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी भागात विचारलं तर तयार मिळू शकेल. घरी करायची तर चिंचोके भाजून टरफल काढा, रात्रभर भिजवून बारीक वाटा किंवा कोरडेच दळून आणा. पावडर ६० ते ७० ग्रॅमच पुरते, कारण ती खूप पाणी धरते, आणि शिजायला वीस मिनिटं तरी द्या. टाकणखार मात्र चिंचोक्याच्या खळीत थेट कधी घालू नका, तिचा लगेच रबरासारखा गोळा होतो आणि मग भुशात मिसळतच नाही. वर सांगितल्याप्रमाणे आधी भुशाला लावून ठेवलेला असला की अडचण येत नाही.

कालवणं आणि दाबणं

खळ कोमट असतानाच भुशात घाला, सगळी एकदम नको, तीन वेळा करून, आणि हाताने चोळून चोळून कालवा. बरोबर झालंय का ते बघायला मूठभर घेऊन लाडू वळल्यासारखं दाबा, गोळा टिकला पाहिजे पण बोटांमधून पाणी निथळता कामा नये. निथळलं तर थोडा कोरडा भुसा घाला. नाही टिकला तर खळ घाला, नुसतं पाणी नाही.

साचा १८ मिमी प्लायचा करा, आतून ३० बाय ३०, उंची कमीत कमी सहा सेंटीमीटर, कोपरे गुण्याने (काटकोनाने) तपासून स्क्रूने जोडा म्हणजे नंतर उघडता येतो. खालच्या फळीला दोन-दोन इंचावर ड्रिलने भोकं पाडा, त्यावर तारेची जाळी, जाळीवर जुन्या धोतराचं किंवा मलमलचं कापड. ही भोकं फार महत्त्वाची, पाणी दाबाखाली तिथूनच निघतं. प्लास्टिकचा कागद फक्त वर आणि बाजूंना लावायचा. वरचं झाकण साच्याच्या आत सैलसर बसेल असं कापा आणि चार कोपऱ्यांत दीड सेंटीमीटरचे ठोकळे ठेवा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते.

भुसा भरताना कोपरे आणि कडा आधी बोटांनी दाबून भरा, मग मधला भाग. कडा नेहमी कमजोर राहतात, विकतचा पार्टिकल बोर्डही कडेलाच फुटतो.

आता दाब. चार जी-क्लॅम्प (शिकंजे) आणि दोन जाड लाकडी पट्ट्या असल्या तरी काम होतं, पण गाडीचा ५ टनी बॉटल जॅक आणि वेल्डरकडून करून घेतलेली एक अँगलची चौकट असेल तर फरक लगेच दिसतो. हिशेब साधा आहे, ५००० किलो भागिले ९०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साडेपाच किलोच्या आसपास. कारखान्यात वीस ते पस्तीस किलो दाब आणि १६० ते २०० डिग्री तापमान असतं, ते आपल्याकडे येणार नाही, म्हणून आपला बोर्ड त्यांच्यापेक्षा हलका आणि मऊच राहणार, घनता घन सेंटीमीटरला ०.४५ ग्रॅमच्या आसपास. गरम दाबाचा फायदा असा की लाकडातलं लिग्निन मऊ होऊन तेच गोंदाचं काम करतं. भुशाच्या कांड्या, ज्याला पांढरा कोळसा म्हणतात, त्यात काहीही न घालता भुसा घट्ट राहतो तो याच कारणाने. आणि अमेरिकेत विल्यम मेसनने १९२४ मधे वाफेने लाकडाच्या चिपा फोडून, वेगळा गोंद न घालता हार्डबोर्ड काढला तोही याच जोरावर. घरी १८० डिग्रीचा प्रेस कोणाकडे असणार, सोडा.

दाब एकदम पूर्ण देऊ नका. अर्धा द्या, दहा मिनिटं थांबा, पाणी गळू द्या, मग ठोकळ्याला झाकण टेकेपर्यंत आवळा. दर अर्ध्या तासाने परत आवळावं लागतं, कारण भुसा बसत जातो. किमान एक दिवस, थंडीत दोन दिवस, तसाच ठेवा.

वाळवणं

सगळं इथे जिंकतं किंवा बिघडतं. ७०० मिली पाणी घातलंय, त्यातलं दाबाखाली थोडंच निघतं, बाकी सगळं त्या एक फुटी पाटीतून हवेतच जायला हवं. घाईने कडक उन्हात ठेवलं की वरची बाजू आधी वाळून आकसते, खालची ओलीच असते, आणि बोर्ड कडा वर करून वाकतो. एकदा वाकला की सरळ होत नाही, परत भिजवून दाबा म्हटलं तर परत तेच पाणी.

तर असं करा. साच्यातून काढल्यावर बोर्ड तारेच्या जाळीवर आडवा ठेवा, जाळी विटांवर, म्हणजे खालूनही हवा लागेल. पहिले दोन-तीन दिवस सावलीत आणि वाऱ्यात, टेबल फॅन लावला तरी चालेल, दर सहा-आठ तासांनी उलटा. दोन बोर्ड असतील तर एकावर एक ठेवू नका. वर एखादी जाळी ठेवून तिच्यावर थोडं वजन दिलं तर वाकायचं प्रमाण बरंच कमी होतं. बोर्ड हाताला घट्ट लागायला लागला की मग ऊन द्या, आणि तेही उलटत उलटत.

वाळला का हे हात लावून कळत नाही, वरून कोरडा वाटतो आणि आतून दमट असतो. किचनच्या वजनकाट्यावर रोज त्याच वेळी वजन करा आणि पेन्सिलने बोर्डवरच लिहा. दोन दिवस लागोपाठ आकडा हलला नाही की झाला. आपल्या मापाने तो साधारण सहाशे-साडेसहाशे ग्रॅमवर थांबायला हवा, आठशेवर अडकलाय असं वाटलं तर आत पाणी आहे, त्याला रंग लावायची घाई करू नका.

पावसाळ्यात हा उद्योग करूच नका, निदान कोकणात आणि मुंबईत तरी. लाकडात ओल वीस टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला पोसायला पुरेशी असते, आणि जुलैत त्या हवेत बोर्ड वाळणारच नाही. मार्च ते मे हा खरा सीझन, विदर्भ-मराठवाड्यात तर चार-पाच दिवसांत काम होतं. ज्यांच्याकडे सोलर ड्रायर आहे, मिरची-हळदीसाठी असतो तो, त्यांनी साठ डिग्रीच्या आत ठेवून वापरावा.

सोयाचा गोंद, ज्यांना थोडी ओल सोसणारा हवाय

स्टार्चपेक्षा प्रोटीनचा गोंद पाण्याला जास्त टिकतो. अमेरिकेत १९२० च्या दशकात प्लायवूडला सोयाचाच गोंद वापरायला लागले होते, नंतर सिंथेटिक गोंद स्वस्त झाले आणि तो मागे पडला. घरच्या सोयाबीनचं पीठ मात्र चालत नाही, त्यात वीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं. तेल काढलेलं हवं, म्हणजे डीओसी, सोया पेंड, लातूर भागात ज्याला विचाराल तो सांगेल कुठे मिळते. ती पीठगिरणीतून एकदम बारीक करून आणा.

१०० ग्रॅम पीठ ३५० मिली पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा, मग १० ते १२ ग्रॅम खायचा चुना थोड्या पाण्यात कालवून त्यात घाला आणि नीट घोटा. चुन्याने प्रोटीन उलगडतं, मिश्रण दाट आणि चिकट होतं, आणि वाळल्यावर सहज विरघळत नाही. जुन्या कारखान्यांच्या कृतीत कॉस्टिक सोडाही असायचा, घरी त्याच्या वाटेला जाऊ नका, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. चुन्यालाही चष्मा आणि हातमोजे लागतातच. हे मिश्रण काही तासांतच वापरून टाका, दुसऱ्या दिवशी नुसता वास येतो. सागाच्या आणि बाभळीच्या भुशात चुना गेला की टॅनिनमुळे रंग काळपट-तांबूस होतो, दिसायला हवं असेल तर पाइनचा भुसा घ्या.

बाकी कृती वरचीच. तरीही बाथरूमला नाहीच, आधीच सांगितलं.

तपासून बघा, मगच भिंतीवर

प्रत्येक नव्या मिश्रणाचा एक छोटा तुकडा कापा, जाडी मोजा, दोन तास पाण्यात बुडवा आणि परत मोजा. मैद्याचा तुकडा फुगून मऊ पडेल, चिंचोक्याचा थोडा कमी, सोयाचा त्याहून कमी. दुसरं, पाटी दोन पट्ट्यांवर २५ सेंटीमीटर अंतर ठेवून आडवी ठेवा आणि मधोमध एक-एक किलोची पिशवी वाढवत जा, कितीला मोडते ते लिहून ठेवा. मोडलेली कड बघितली की कळतं काय चुकलं, कण तुटलेले दिसले तर चिकट चांगली, कण सुटे सुटे निघाले तर खळ कमी किंवा कच्ची, आणि मधे थर सुटला असेल तर आत ओल राहिली होती.

फिनिशिंगला जवसाचं डबल बॉइल्ड तेल कापडाने दोन्ही बाजूंना आणि कडांना लावा, नुसत्या पुढच्या बाजूला लावलं तर परत वाकणार कारण मागून ओल शिरते. एक धोका लक्षात ठेवा, त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर स्वतःहून पेटू शकतात, ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा, आणि आसपास भुशाची पोती असताना तर नक्कीच.

बाहेरच्या भिंतीसाठीच काहीतरी करायचं असेल तर खळ विसरा आणि चुना-मातीकडे वळा. कोकणात कारवीच्या कुडाला माती, शेण आणि पेंढा लावून भिंती केल्याच आहेत की, आणि वेरूळच्या लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले सापडले, ते २०१६ मधे प्रसिद्ध झालं. वनस्पतीचा धागा आणि खनिजाचा बांधणारा माल ही जोडी खळीपेक्षा पाण्याला जास्त टिकते. भुसा चुन्यात किंवा सिमेंटमधे घालणार असाल तर आधी गरम पाण्यात भिजवून ते तपकिरी पाणी फेकून द्या, लाकडातल्या साखरेमुळे सिमेंट नीट सेटच होत नाही.

मोडलेले बोर्ड फेकू नका, तुकडे करून भिजवा, चुरून पुढच्या घाण्यात घाला, पण एकूण भुशाच्या पाव भागापेक्षा जास्त नको आणि त्या प्रमाणात पाणीही कमी करा. बागेत किंवा गांडूळखताच्या टाकीत मात्र ढिगाने टाकू नका, त्यात बोरॉन आहे, झाडांना ते चिमूटभरच लागतं आणि जास्त झालं तर पानांच्या कडा जळायला लागतात.